खर्ड्याचा किल्ला आणि रंगाचे हात

दिवाळीचा किल्ला महाराष्ट्रांतील कोणत्या घरास नवा आहे? नवरात्र संपतें न संपतें तोंच अंगणाच्या कोपऱ्यांत विटा, फुटके डबे, जुनीं पोतीं यांचा ढीग पडतो. त्यावर चिखलाचा लेप बसतो. हळीव आणि मोहरी पेरून डोंगरास हिरवळ आणली जाते, आणि शिखरावर मातीचे शिवाजीमहाराज विराजमान होतात. हा किल्ला रंगाच्या दृष्टीनें अगदीं निरुपद्रवी. गेरूचें बोट, चुन्याची रेघ, फार तर पायऱ्यांवर चिमूटभर रांगोळी. यापलीकडे त्याची मागणी नसते. तुळशीच्या लग्नापर्यंत तो टिकला म्हणजे त्याचें आयुष्य सफळ झालें. पुढें पाण्याच्या दोन बादल्या आणि एक खराटा, कीं अंगण पुन्हा मोकळें.

परंतु जो किल्ला मापानें करावयाचा, घरांत वर्षानुवर्षें ठेवावयाचा आणि खऱ्यासारखा दिसावा अशी ज्याविषयीं इच्छा, त्याची गोष्ट निराळी. असा एक किल्ला गेल्या वर्षीं आमच्या घरीं झाला. तो करतांना एका रंगावर दुसरा रंग चढविण्याच्या कामीं आमची जी फजिती झाली, ती आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों. फजिती सांगण्यांत आम्हांस विशेष आनंद आहे असें नव्हे. पण गणपतीचें मखर, झोपाळ्याच्या कड्या, मुलांची शाळेंतील प्रदर्शनाचीं विमानें आणि धरणें, अशा जेथें जेथें रंगावर रंग बसतो तेथें तेथें तीच फजिती दबा धरून बसलेली असते, हें आतां आम्हांस पक्कें ठाऊक झालें आहे.

प्रसंग असा. आमच्या आत्याबाईंचें सहस्रचंद्रदर्शन वैशाखांत करावयाचें ठरलें होतें. आत्याबाईंचें बालपण नगर जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यांत, खर्डा या गांवीं गेलें. आमचे आजोबा तेथें कांहीं वर्षें शिक्षक होते. लग्न होऊन त्या पुण्यास आल्या, त्या पुन्हा खर्ड्यास गेल्या नाहींत. आतां गुडघे प्रवासास तयार नाहींत आणि दृष्टीही मंद झाली आहे. आकार समजतात, रंग समजतात, बारकावा समजत नाहीं. शाल, श्रीफळ, चांदीचें निरांजन यांपैकीं कशाचाच त्यांना उत्साह नव्हता. "कांहीं द्यायचेंच असेल तर खर्ड्याचा तट दाखवा," असें त्या एकदां थट्टेनें म्हणाल्या. पण आमच्या सोळा वर्षांच्या पुतण्यानें तो शब्द खालीं पडूं दिला नाहीं. हा मुलगा परदेशी संचांतून प्लास्टिकचीं विमानें आणि जहाजें जोडतो. त्याच्या खणांत रंगाच्या बाटल्या इतक्या, कीं घरांत कोणाची औषधाची बाटली हरवली तर पहिल्यानें तेथें शोधावी लागते.

खर्डा हें नांव शाळेच्या पुस्तकांत एका दिवसापुरतें येतें. ११ मार्च १७९५ रोजीं सवाई माधवराव पेशव्यांच्या निशाणाखालीं शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले, पटवर्धन असे सारे सरदार येथें एकत्र झाले, आणि निजाम अलीखानाच्या फौजेचा मोड झाला. निजामानें खर्ड्याच्या किल्ल्याचा आश्रय घेतला. तेथें तो कोंडला गेला आणि अखेरीस त्यास तह करावा लागला. सारे मराठे सरदार एका बाजूनें लढले अशी ही शेवटची मोठी लढाई. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत सवाई माधवराव निवर्तले, आणि पुढील कथा सर्वांस विदित आहे. ज्या किल्ल्यांत निजाम कोंडला गेला तो निंबाळकरांनीं अठराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास बांधविलेला. घडीव दगडांचा चौकोनी भुईकोट, सुमारें २५ ते ३० फूट उंचीचा तट, भोंवतीं खंदक, आंत एक मशीद आणि एक खोल विहीर. आत्याबाईंच्या बोलण्यांत मात्र लढाई कधींच येत नाहीं. तटावर वाळत घातलेलें कोणाचें लुगडें उडून खंदकांत पडलें, तें काढावयास कोण उतरलें, आणि मग घरीं कोणीं मार खाल्ला, हा त्यांचा खर्ड्याचा इतिहास.

गेल्या माघांत आम्ही आणि पुतण्या खर्ड्यास जाऊन आलों. पावलांनीं अंतरें मोजलीं, बुरुजांचीं छायाचित्रें काढलीं, आणि येतांना एक खडा रुमालांत बांधून आणला. (किल्ल्याचा दगड उचलून आणणें बरें नव्हे, हा खडा शेताच्या बांधावरचा.) त्या खड्यानें आमचा पहिला गर्व उतरविला. दख्खनचा दगड काळा, असें आपण लहानपणापासून म्हणत आलों. पुतण्यानें तो पांढऱ्या कागदावर ठेवून विचारलें, "काका, यांत काळें कोठें आहे?" खरोखरच कोरडा असतां तो राखी होता. एका अंगास तपकिरी झांक होती, कारण या दगडांतील लोह हवापाण्यानें गंजतें. दुसऱ्या अंगास दगडफुलाचे पांढुरके ठिपके होते, त्याचेच भाऊबंद आपण गोड्या मसाल्यांत घालतों. पाण्यांत बुडविला तेव्हां मात्र तो निळसर काळा झाला. म्हणजे ज्यास आपण काळा दगड म्हणतों तो बहुधा पावसांत पाहिलेला दगड होय.

माप एका इंचास २० फूट धरलें. त्या मापानें तट सव्वा ते दीड इंच उंचीचा झाला, आणि सारा किल्ला एका चौरंगावर मावला. तळाला प्लायवूडची फळी, तटाला जाड पुठ्ठा, बुरुजांच्या पोटांत थर्माकोल, आणि सर्वांवर प्लॅस्टर ऑफ पॅरिस व कागदाचा लगदा यांचा लेप. लेप ओला असतांनाच दाभणानें दगडांच्या सांधी कोरल्या. हें काम घरांतील मुलींनीं केलें आणि तें उत्तम केलें. येथपर्यंत सर्व कुशल होतें.

आतां फजिती. खिडक्यांना दिलेल्या राखी तेलरंगाचा अर्धा डबा माळ्यावर पडून होता. एका शनिवारीं दुपारीं पुतण्या शिकवणीस गेला असतां आम्हांस काटकसरीची लहर आली, आणि आम्हीं त्या रंगाचा एक भरपूर हात साऱ्या तटास दिला. रात्रीं बोट लावून पाहिलें, रंग बोटास लागला नाहीं. मुलाचें अर्धें काम आपण हलकें केलें, अशा समाधानांत आम्ही निजलों. रविवारीं सकाळीं पुतण्या उठला. तटास राखी अस्तर लागलेलें पाहून, आपण आणावयास सांगितलेलें अस्तर काकांनीं लावलें, अशी त्याची स्वाभाविक समजूत झाली. आणि त्यानें गच्चीवर नेऊन त्यावर लॅकरचा फवारा मारला.

पांच मिनिटांत खर्ड्याचा तट सुरकुतला. तापलेल्या दुधावरची साय चमच्यानें एका बाजूस लोटावी, तशा रंगाच्या वळ्या पडल्या, फुगल्या आणि कांहीं ठिकाणीं उचलल्या. इतकेंच नव्हे, नैर्ऋत्येच्या बुरुजाच्या टोकास लेप पातळ राहिला होता, तेथें फवाऱ्यांतील थिनर आंत शिरून थर्माकोल विरघळला आणि बुरुज डोळ्यांदेखत खचला. १७९५ सालीं जें तोफांनीं केलें नसेल तें आम्ही दोघांनीं मिळून केलें.

"काका, खालीं काय लावलें होतें?"

"रंग."

"कोणता रंग?"

"खिडकीचा."

तो मुलगा यावर कांहीं बोलला नाहीं. त्यानें डब्याचें झांकण लावलें आणि तो खालीं गेला. त्यानें चार शब्द रागाचे बोलले असते तर आम्हांस बरें वाटलें असतें. समारंभास अकरा दिवस उरले होते. एकत्र कुटुंबांत कामें फार असतात आणि करणारे हातही फार असतात. परंतु एका हातानें काय केलें हें दुसऱ्या हातास कळविण्याची पद्धत आपल्या घरांतून फारशी नाहीं. विशेषतः वडील माणसांनीं लहानांस कळविण्याची तर मुळींच नाहीं. त्या रात्रीं आम्हीं पुतण्याच्या खोलींत जाऊन विचारलें, "नेमकें काय चुकलें तें आम्हांस समजावून सांग." त्यानें पहिल्यानें चकित होऊन पाहिलें, मग तो तासभर सांगत होता.

त्या तासांत जें कळलें तें असें. प्रतिकृति रंगविण्याचे जे तीन प्रकारचे रंग आज बाजारांत मिळतात, त्यांचा भेद रंगाच्या छटेंत नाहीं, वाळण्याच्या रीतींत आहे. पहिला लॅकर. यांत राळेसारखा पदार्थ तीव्र थिनरमध्यें विरघळविलेला असतो. थिनर उडून गेला कीं राळ मागें राहते. दुसरा कोणताही फरक होत नाहीं. मिठागरांत पाणी उडून मीठ राहतें, पुन्हा पाणी घातलें कीं विरघळतें, तसेंच हें. म्हणून लॅकर मिनिटांत वाळतो, आणि वर्षानें थिनर लावला तरी पुन्हा सुटतो. दुसरा तेलाचा रंग, ज्यास दुकानदार इनॅमल म्हणतात. यांतील टर्पेंटाइन प्रथम उडून जातें, आणि रंग बोटास लागत नाहींसा होतो. भोळीं माणसें येथें फसतात. खरें वाळणें यानंतर सुरू होतें. तेल हवेंतील प्राणवायु घेऊन आंतल्या आंत एकमेकांस बिलगूं लागतें, आणि हें वरून खालीं होत जातें. जाड हात असला तर त्यास दिवसांमागून दिवस, कधीं आठवडे लागतात. एकदां तें पूर्ण झालें कीं टर्पेंटाइन लावून तो रंग सुटत नाहीं. दह्याचें पुन्हा दूध होत नाहीं त्याप्रमाणें. तिसरा पाण्याचा ॲक्रिलिक. त्यांत प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण पाण्यांत तरंगत असतात. पाणी गेलें कीं ते एकमेकांवर दाबले जाऊन त्यांचा एकजीव पापुद्रा होतो. साबुदाण्याच्या खिचडीचा एकदां गोळा झाला म्हणजे वर पाणी शिंपडून दाणे सुटे होत नाहींत, हा अनुभव ज्या घरांत आहे तेथें याहून अधिक सांगणें नको. मात्र पाण्यास न बधणारा हा रंग स्पिरिटास बधतो.

आमच्या तटावर काय झालें हें आतां उघड आहे. तेलरंगाची वरची कातडी वाळली होती, पोट ओलें होतें. त्यावर लॅकरचा तीव्र थिनर पडला. कातडीनें तो शोषला, ती फुगली. खालीं धरून ठेवणारें घट्ट असें कांहीं नाहीं, बाजूस पसरावयास जागा नाहीं, तेव्हां वर उचलून वळ्या पडण्यावांचून तिला गति उरली नाहीं. उलट क्रम असता तर? खालीं लॅकर आणि वर तेलरंग असता, तर कांहींच बिघडलें नसतें. कारण टर्पेंटाइन सौम्य, वाळलेल्या लॅकरला त्याचा उपद्रव होत नाहीं. म्हणून या कामांतील जाणते लोक लॅकर तळाशीं घालतात, आणि पाण्याचा व तेलाचा रंग त्यावर. वरच्या हातांतील द्रावानें खालचा हात सुटतां कामा नये, आणि मऊ, मंद वाळणाऱ्या थराच्या डोक्यावर झटपट आकसणारा कठीण थर बसतां कामा नये. या दोन गोष्टी संभाळल्या कीं बाकी पुष्कळ चुका क्षम्य आहेत. तेलरंग वाळला कीं नाहीं हें बोटाला कळत नाहीं, नाकाला कळतें. वस्तु नाकाशीं नेऊन वास आला तर अजून थांबावें, ही परीक्षा पुतण्यानें सांगितली. आत्याबाईंना ती फार आवडली. "लोणच्याच्या बरणीचेंही असेंच," असें म्हणून त्या दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळीं तटाचा वास घेऊं लागल्या.

प्लास्टिकच्या विमानांच्या बाबतींत एक गोष्ट आणखी. लॅकरचा थिनर प्लास्टिकचा पृष्ठभाग किंचित् खातो आणि त्यामुळेंच अस्तर घट्ट धरतें. पातळ फवाऱ्यानें हा गुण, ओल्या भरपूर हातानें हाच दोष. आणि पावसाळ्यांत लॅकरचा फवारा मारूं नये. थिनर झपाट्यानें उडतांना पृष्ठभाग थंड पडतो, दमट हवेंतील पाणी त्यावर धरतें, आणि रंगावर ताकासारखी पांढुरकी छाया येते. कोंकणांतील वाचकांनीं तर आषाढ-श्रावणांत तो डबा उघडूंच नये.

हें सर्व ऐकून आमच्या मनांत आलें, कीं ही विद्या कांहीं परदेशी संचांबरोबर आलेली नव्हे. सावंतवाडीचा गंजिफा पाहा. कागदाच्या गोल पानांवर चिंचोक्याची खळ आणि खडूची पूड यांचें अस्तर, तें घोटून गुळगुळीत केल्यावर पाण्यांत कालविलेले रंग, आणि सर्वांत वर लाखेचें रोगण. खालचे रंग पाण्याचे, वरचें रोगण पाण्याचें नव्हे; म्हणून वरचा हात देतांना दशावतारांतील एकाही मूर्तीची रेघ हलत नाहीं. पाण्यावर पुन्हा पाण्याचें कांहीं ओढलें असतें तर मत्स्य आणि कूर्म एकमेकांत मिसळले असते. तेथील लाकडी खेळण्यांची तऱ्हा याहूनही सरळ. रंगीत लाखेची कांडी चरकावर फिरणाऱ्या लाकडास टेकविली कीं घर्षणाच्या उष्णतेनें लाख वितळून बसते, आणि मग केवड्याच्या पानानें झिलई. तेथें द्रावच नाहीं, मग भांडण कशाचें? पेणच्या मूर्तिकारांकडे पाहावें तर तेथेंही आधीं शाडू पूर्ण वाळणें, मग पांढरा हात, मग अंगाचा रंग, मग वस्त्रें आणि दागिने, आणि डोळ्यांची आखणी सर्वांच्या शेवटीं. गणपति जवळ आला, गिऱ्हाईक दारांत उभें राहिलें, तरी हा क्रम कोणी मोडीत नाहीं.

आणि क्रम किंवा वरचा हात चुकला म्हणजे केवढी हानि होते याचेंही उदाहरण महाराष्ट्रांतच आहे, तें अजिंठ्याचें. तेथील चित्रें ओल्या गिलाव्यावर काढलेलीं नाहींत. खडकावर माती, भुसा आणि वनस्पतींचे तंतू यांचा जाड लेप, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो सुकल्यावर सरसासारख्या बांधणीचे रंग, अशी ती रचना आहे. तिच्यांत हवा खेळत होती. एकोणिसाव्या शतकांत मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांसह तेथें नकला घेतल्या, त्या वेळीं रंग स्पष्ट दिसावे म्हणून कांहीं चित्रांवर व्हार्निश चढलें. पुढें १९२० ते १९२२ या काळांत निजामसरकारनें चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोघां इटालियन तज्ज्ञांस बोलाविलें. सुटत चाललेला गिलावा खडकास पुन्हा घट्ट बसविण्याचें त्यांचें काम फार मोलाचें झालें, हें विसरतां येत नाहीं. पण त्यांनींही चित्रांवर स्पिरिटांतला चपडा दिला. चपडा नवा असतां चित्रास तजेला देतो. जुना झाला कीं पिवळा पडतो, आकसतो, तडकतो, आणि तडकतांना खालचा हळवा रंग आपल्याबरोबर ओढतो. धूळ आणि धूर त्यावर बसून पद्मपाणीच्या अंगावर जणूं काढ्याचा थर चढला. भारतीय पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांना तो पडदा उतरविण्यांत पुढें वर्षानुवर्षें खर्ची घालावीं लागलीं. ज्यांनीं तो हात दिला त्यांचा हेतु शुद्ध होता. आमचाही शनिवारीं दुपारीं शुद्धच होता.

असो. पुन्हा खर्ड्याकडे वळूं. सुरकुतलेला रंग बोथट सुरीनें खरवडला. सांधींतला टर्पेंटाइनच्या चिंधीनें पुसला. यांत दोन दिवस गेले, आणि मुलींनीं कोरलेल्या सांधींपैकीं निम्म्या पुन्हा कोराव्या लागल्या. त्याबद्दल आम्हांस जें ऐकावें लागलें तें येथें लिहीत नाहीं. खचलेला बुरुज लगद्यानें भरून काढला. मग किल्ला तीन दिवस गच्चीवरच्या खोलींत नुसता ठेवला. चैत्राचें ऊन होतें हें आमचें भाग्य. चौथ्या दिवशीं आत्याबाईंनीं वास घेऊन "आतां कांहीं नाहीं" असा निर्वाळा दिला, तेव्हां पुढचें काम सुरू झालें.

पुसूनही तेलरंगाचे अवशेष सांधींत राहिलेच होते. त्यांच्यावर पुन्हा लॅकर मारण्याचा धीर कोणास होणार? पुतण्यानें मध्यें एक आडपडदा घालावयाचें ठरविलें, आणि तो आडपडदा म्हणजे चपडाच. अजिंठ्याचें उदाहरण देऊन आम्हींच चपडा हातीं घेतला, हें वाचकांस हास्यास्पद वाटेल. पण तेथें तो सर्वांत वर होता, प्रकाशांत आणि धुळींत, हजार-पंधराशें वर्षांच्या हळव्या रंगावर. येथें तो मधला, झांकलेला, प्लॅस्टरवर बसलेला. स्पिरिट वाळलेल्या तेलरंगास उपद्रव करीत नाहीं, आणि चपडा बहुतेक सर्व वस्तूंस चिकटतो. फार पातळ असे दोन हात दिले. जो पदार्थ एके ठिकाणीं अपराधी ठरला तो दुसऱ्या जागीं बसविला असतां उपकारक झाला.

त्यावर पाण्याचे रंग. प्रथम सर्वत्र गडद तपकिरी-काळा, तो सांधींतील अंधारासाठीं. मग सपाट कुंचल्यानें राखी, पण अखंड नव्हे. एक दगड थोडा निळसर, शेजारचा थोडा मातकट, तिसरा तसाच. येथें पुतण्यानें आम्हांस आणखी एक गोष्ट शिकविली. खड्याशीं हुबेहूब जुळणारा राखी रंग आम्हीं मोठ्या कष्टानें कालविला, आणि त्यानें त्यांत खुशाल पांढरा घातला. कारण असें, कीं एका इंचास २० फूट या मापाचा किल्ला आपण हातभर अंतरावरून पाहतों, म्हणजे खरा किल्ला शेंदोनशें पावलांवरून पाहिल्यासारखें झालें. तेवढी हवा मध्यें आली कीं गडद रंग फिके दिसतात. दुरून डोंगर साजरे म्हणतात, पण ते साजरे दिसण्यापूर्वीं निळे आणि फिके दिसतात हें कोणी म्हणत नाहीं. लहान प्रतिकृतीस खऱ्या वस्तूचा खरा रंग दिला तर ती काळवंडलेली दिसते.

हे रंग वाळल्यावर तेलाचा हात, पण कसा? तपकिरी तेलरंगाचें वाटाण्याएवढें बोंडूक चमचाभर टर्पेंटाइनमध्यें कालवून त्याचें मळकट पाणी तटावर सोडलें. तें सांधींत शिरलें, दगडांच्या कडांशीं थांबलें, आणि दगडाच्या तोंडावर जें राहिलें तें टर्पेंटाइनच्या ओलसर कुंचल्यानें पुसून घेतलें. खालचे पाण्याचे रंग यत्किंचित् हलले नाहींत. ज्या दोन जातींच्या रंगांनीं अयोग्य जागीं भेटून आमची दैना केली, त्यांचा योग्य संयोग असा गुणकारी झाला. हा हात इतका पातळ असतो कीं एक-दोन दिवसांत वाळतो. म्हणून त्यावर पुन्हा पाण्याचें कांहीं देण्यास हरकत राहत नाहीं. वाळल्यावर जवळजवळ कोरड्या कुंचल्यानें फिका राखी दगडांच्या उंचवट्यांवरून नुसता झटकला. त्या क्षणीं दगड वर आले. शाळकरी मुलें तर ओरडलींच. आम्हीही ओरडलों असूं.

मधल्या एका संध्याकाळीं आत्याबाईंस बोलाविलें. त्यांनीं किल्ला खिडकीपाशीं नेण्यास सांगितलें, बराच वेळ पाहिलें, आणि म्हणाल्या, "छान आहे. पण हा ओला आहे. खर्ड्याचा तट कोरडा होता." आम्ही बुचकळ्यांत पडलों, रंग तर सकाळींच वाळला होता. पुतण्यास मात्र उमगलें. रंगास चकाकी होती. ज्यांना बारकावा दिसत नाहीं त्यांना चकाकी आधीं दिसते, आणि चकाकणारा दगड म्हणजे भिजलेला दगड, हें आमच्या खड्यानें आम्हांस माघांतच सांगून ठेवलेलें होतें. दुसऱ्या दिवशीं पाण्याच्या निस्तेज व्हार्निशाचा, ज्यास मॅट म्हणतात त्याचा, एक पातळ हात सर्वत्र दिला. मळकट पाणी सोडण्यापूर्वीं चकचकीत हात चांगला, कारण त्यावरून तें सहज वाहतें. अखेरीस निस्तेज हात चांगला, कारण दगड, माती, वाळलेलें गवत यांपैकीं कशासच चकाकी नसते. खंदकाच्या तळाशीं मात्र, पावसाचें साचलेलें म्हणून, पुतण्यानें तर्जनीएवढी जागा चकचकीतच ठेवली.

समारंभाच्या दिवशीं होम, ओवाळणें, जेवणें सर्व यथासांग झालें. दुपारीं पानें उठल्यावर चौरंग माजघरांत आणला. आत्याबाईंनीं चष्मा काढून ठेवला, आणि दोन्ही हात तटावरून हळूहळू फिरविले. नैर्ऋत्येच्या बुरुजावर त्यांचीं बोटें थांबलीं. तेथें लगद्याची डागडुजी किंचित् फुगीर राहिली होती. आम्हीं पुतण्याकडे पाहिलें, त्यानें आमच्याकडे पाहिलें. त्या कांहीं बोलल्या नाहींत. बोटें पुढें गेलीं, दरवाज्यापाशीं आलीं, मागें गेलीं, पुन्हा दरवाज्यापाशीं आलीं.

"येथें निवडुंग होता," त्या म्हणाल्या. "मोठा होता. आमची चेंडूफळी त्यांत अडकायची. तो कोठें?"

"सकाळपर्यंत होईल, आजी," पुतण्या म्हणाला, आणि बाटल्यांचा खण आणावयास गेला. येतांना त्यानें आम्हांस बाजूस घेऊन हलक्या आवाजांत विचारलें, "काका, पानांना पाण्याचा हिरवा चालेल. पण बोंडांचा तांबडा तेलाचा जास्त खुलतो. काय करूं?"

आम्हीं विचारलें, "सकाळपर्यंत वाळेल?"

तो हंसला, आणि त्यानें दोन्ही बाटल्या पाण्याच्याच काढल्या.